खिडकीजवळची खुर्ची

खालापूरकडच्या त्या मेडिकल कॉलेजात लायब्ररीतली जागा सकाळीच धरावी लागे. बाटली, ओढणी, एप्रन, काहीही ठेवलं की खुर्ची आपली. हर्षला भिसेगावहून यायची, त्यामुळे तिच्या वाट्याला दाराजवळचीच जागा. खिडकीजवळची खुर्ची ओमकारची. तिथं काळी सॅक आणि उघडं ठेवलेलं पॅथॉलॉजीचं जाडजूड पुस्तक.

ओमकारची सॅक हलल्याशिवाय उठायचं नाही, असं दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. हॉस्टेलवर राहणारी संजना डबासुद्धा घाईघाईत उरकून परत यायची. "त्याची बॅग आहे ना अजून, मग मी कशी जाऊ?" म्हणायची. डोकं ठणकायचं, पाठ धरायची, पण कुणी हलत नसे.

हर्षलाला मात्र वेगळाच प्रश्न पडला. ओमकार सकाळी येताना दिसतो, संध्याकाळी सॅक उचलताना दिसतो. पण बसलेला कधी दिसतो? आठवडा झाला तरी पुस्तकाचं पान यकृताचंच. संजनाला विचारलं तर ती म्हणाली, "पाठ झालं असेल त्याचं."

एका दुपारी हर्षलाला बसवेना. ती लवकर निघाली. खोपोलीहून कर्जतला जाणारी गाडी पळसदरीला थांबली, तर फलाटाच्या टोकाला ओमकार हातवारे करत येरझाऱ्या घालत होता. ती पटकन उतरली.

"तू इथं?"

ओमकार दचकला. मग बाकावर टेकला. "कुणाला सांगू नको गं. तिथं छातीत धडधडतं. शेजारच्यानं पान उलटलं की वाटतं, आपण मागं पडलो. एक ओळ डोक्यात शिरत नाय."

"मग बॅग कशाला ठेवतोस?"

"नाय ठेवली तर म्हणतील, कळंबचा ओमकार गळाला."

"अरे, तुझ्या बॅगेकडं बघून आम्ही घरी जात नाही."

त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"आणि इथं काय बडबडत होतास?"

"कावीळ. स्वतःलाच समजावतोय. तू सांग बघू, न बघता."

हर्षलानं झोकात सुरुवात केली आणि बिलिरुबिन यकृतात पोचायच्या आधीच ती अडकली. ते पान तिनं मार्करनं कितीदा रंगवलं होतं. मग इतका वेळ आपण तिथं नक्की करत काय होतो? तिला वाईट वाटण्याआधी नवल वाटलं.

"परत विचार," ती म्हणाली. पुढची गाडी दोघांनी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी ओमकारनं सगळ्यांदेखत सॅक उचलली. "मी बाहेर वाचतो. इथं मला भीती वाटते," एवढंच म्हणाला. दुपारपर्यंत त्या खुर्चीत दुसरा कुणी बसला होता. हर्षला मात्र आता रोज पळसदरीला उतरून ओमकारबरोबर अभ्यास करू लागली.

परीक्षेत ओमकार काठावर पास झाला. हर्षलाचे मार्क फारसे वाढले नाहीत, पण तोंडी परीक्षेत ती पहिल्यांदाच अडखळली नाही.

संजनाही एकदा पळसदरीला आली. थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "मला नाही जमत गं इथं. लायब्ररीतच बरं वाटतं."

"डोकं दुखतं तरी?"

"दुखतं. पण आजूबाजूला सगळी असतात ना. हॉस्टेलच्या खोलीत मी एकटीच असते."

हर्षलानं हे कधी विचारलंच नव्हतं. ती बाकावर सरकून तिच्या जवळ बसली. "कधीपासून गं?"