शुद्धीचा रुमाल

"लाल झाला! लाल झाला!" असा गिल्ला उठला आणि चर्चच्या फाटकाशी दाटलेली दोनशे माणसं टाचा उंचावून बघू लागली. उपदेशकानं वाडग्यातल्या पाण्यात बुडवलेला पांढराशुभ्र रुमाल कंपाउंडरच्या तळव्यावरून फिरवला होता, आणि त्यावर बघता बघता लालभडक डाग उमटला होता. कंपाउंडरच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नकोस, लेकरा!" उपदेशक गरजला. पांढरा झगा, पांढरे बूट, आणि लाऊडस्पीकरची गरज नसलेला आवाज. "हा रुमाल नव्हे, आरसा आहे आरसा! डॉक्टरला नुसता ताप दिसतो, ह्याला आतला रोग दिसतो! घे ही शुद्धिजलाची बाटली, तीनदा हात धू आणि डोळे भरून बघ!"

कंपाउंडरनं हात धुतले. नवा रुमाल फिरला. पांढरा! बायका हुंदके द्यायला लागल्या, बाप्यांनी डोळे पुसले आणि बाटल्यांवर उड्या पडल्या.

मागे भिंतीला टेकून विज्ञानाच्या बाई दात-ओठ खात उभ्या होत्या.

साथीपायी चौदा महिने बंद असलेलं चर्च उघडायचं ठरलं तेव्हा नियमांची यादी बाईंनीच केली होती. खिडक्या सताड उघड्या, एकाआड एक बाक दोरीनं बंद, तोंडावर मास्क, गाणं आत नाही तर मोकळ्या आवारात, आणि फाटकाशी नळ नि साबण. म्हाताऱ्या फादरनी यादीवर सही केली आणि आठवड्याभरातच अंथरूण धरलं. त्यांच्या जागी समितीनं हा पाहुणा आणला. पाहुण्यानं पहिल्याच रविवारी दोऱ्या सोडून टाकल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि गाणं आत आणलं. ज्याचा रुमाल पांढरा त्यानं मास्क काढावा, खेटून बसावं, पोटभर गावं. ज्याचा लाल त्यानं बाटली घ्यावी, नाहीतर बाहेर उभं राहावं. साबणाला मात्र त्यानं हात लावला नाही. "असू दे, असू दे," म्हणाला, "साबणानं मळ जातो, रोग राहतो, हे लोकांना कळू दे." बाईंना वाटलं, चला, एवढं तरी वाचलं. इथंच बाई फसल्या.

दोन रविवार गायनमंडळातले बावीस 'शुद्ध' जण खांद्याला खांदा लावून गायले आणि त्यातले नऊ जण तापानं फणफणले. गायनमास्तर काल गेले. सगळ्या गावाला गाणं शिकवणारा माणूस! आज तिसऱ्या रविवारी लोक दुःखानं आणि भीतीनं पेटले होते, आणि उपदेशकावर ते उलटायला फार वेळ लागणार नव्हता. हे त्यालाही कळत होतं.

"मास्तर का गेले?" त्यानं दोन्ही हात वर केले. "शुद्ध माणसाला रोग शिवलाच कसा? कुणीतरी आणून घातला! मला सांगा, मंडळाचे झगे धुतं कोण?"

दोनशे माना एकदम वळल्या. रांगेत बाईंचा दादा आणि वहिनी हातात हात धरून उभे होते. वहिनीची लाँड्री होती. दोन्ही रविवारी तिचा रुमाल लाल निघाला होता, आणि बाटली घ्यायला तिनं साफ नकार दिला होता. वर "माझे हात तुमच्यापेक्षा स्वच्छ आहेत," असंही सुनावलं होतं.

तिला पुढं ओढलं. रुमाल फिरला. कंपाउंडरचा डाग काहीच नव्हे, असा अख्खा रुमाल लाल झाला.

"हिनंच मारलं मास्तरांना!"

पहिला हात कुणाचा पडला ते पुढे कुणीच कबूल केलं नाही. बेकरीवालीनं तिचे केस धरले. मास्तरांच्या भाच्यानं कमरेत लाथ घातली. वहिनी गुडघ्यांवर आली, तशा पाठीवर चपला, काठ्या, बुक्क्या बरसायला लागल्या. तिनं डोक्यावर हात घेतले, तर कुणीतरी मनगटावर काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज बाईंना दहा पावलांवर ऐकू आला. "अहो!" वहिनी किंचाळली. दादा जागचा हलला नाही. रुमाल लाल झाल्याबरोबर त्यानं तिचा हात सोडला होता, आणि आता तो आपल्याच तळव्याकडे बघत उभा होता.

बाई गर्दीत घुसल्या. कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं, दात तुटला, आणि त्या वहिनीच्या अंगावर आडव्या पडल्या. पाठीवर दोन काठ्या बसल्या. नाकाशी, मातीत, तो लाल रुमाल पडला होता. इतक्या जवळून तो लाल नव्हे, गडद गुलाबी दिसत होता. शेजारीच एक बाटली फुटली होती, आणि तिचं पाणी लागलं तेवढा रुमाल पांढरा झाला होता. बाईंनी वास घेतला. व्हिनेगर!

हा खेळ तर त्या दर वर्षी नववीच्या वर्गात करतात! लाल कोण निघालं? कंपाउंडर, सुईण, वहिनी. येताना साबण लावणारे सगळे. आणि पहिल्या फटक्यात शुद्ध कोण? आठवडाभर अंघोळीला रजा दिलेला पत्रेवाला!

पण ऐकणार कोण? बाई लाथांखालून सरपटत बाहेर आल्या, फाटकालगतच्या घंटेचा दोर धरला आणि सगळं वजन टाकून ओढला. चर्च बंद झाल्यापासून घंटा वाजली नव्हती. घण्ण घण्ण घण्ण! काठ्या हवेतच थांबल्या.

"मारायचंच असेल तर पाच मिनिटांनी मारा!" तोंडातलं रक्त थुंकत बाई ओरडल्या. "महाराज, नळावर साबणानं हात धुऊन या. बघू तुमचा रुमाल."

"माझी परीक्षा? मी शुद्धच आहे!" उपदेशक मागे सरला.

"मग माझे धुवा की," पत्रेवाला पुढं आला. "मी तीनदा शुद्ध निघालोय. ह्या गावात माझ्याइतका पवित्र माणूस नाही, बायको सोडून सगळ्यांना पटलंय."

कुणी हसलं नाही. पत्रेवाल्यानं साबण चोळला. नळाची धार करंगळीएवढी, हात कसेबसे विसळले, तसेच बुळबुळीत पुढं केले. बाईंनी वाडग्यात रुमाल बुडवून फिरवला. लाल! बाटलीतलं पाणी ओतून नवा फिरवला. पांढरा!

"ह्या वाडग्यात फिनॉल्फ्थॅलीन आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्याची बाटली आहे, पूर्वी पोट साफ व्हायलाही द्यायचे. साबण लागला की ते लाल होतं. धुण्याचा सोडा लागला की जास्तच लाल. आंबट लागलं की रंग जातो. रोग दाखवत नाही ते, साबण दाखवतं! म्हणून तर ह्यानं साबण राहू दिला. ज्यांनी हात धुतले त्यांना तुम्ही बाहेर काढलंत, आणि ज्यांनी नाही धुतले त्यांना खेटून बसवलंत. मास्तरांना वहिनीनं नाही मारलं. बंद खोलीत, उघड्या तोंडानं, एकमेकांच्या श्वासात गायला लावलं, त्यानं मारलं!"

मग मास्तरांचा भाचा किंचाळला, आणि वहिनीला लाथ घालणारा तोच पाय उपदेशकाच्या पोटात बसला. पांढरे बूट हवेत गेले. नाकातून खरंखुरं रक्त आलं, ह्या वेळी कुठल्याही रुमालाशिवाय. पुन्हा काठ्या उठल्या.

"खबरदार!" बाई मधे आडव्या आल्या. "ह्याला पोलिसांत द्या. पण हात उचलाल तर पुन्हा घंटा बडवीन, अख्खं गाव जमेपर्यंत. मघाशी तुमची खात्रीच होती ना वहिनीबद्दल? आत्ताही खात्रीच आहे. अरे, खात्री झाली की माणसाला मारायचंच असतं का? जरा थांबायचं, विचारायचं, पुन्हा करून बघायचं! ह्याला 'आधी स्वतःच्या हातावर दाखव' एवढं तीन रविवारांत दोनशेपैकी एकानं विचारलं असतं, तर मास्तर आज गात असते. मीही नुसती भिंतीला टेकून चिडत बसले. आता देवाकडे काय मागायचं ते मागा, पण खिडक्या उघडा, लांब बसा, तोंड झाका. देवानं डोकं दिलंय, ते बाहेर चपलांपाशी काढून ठेवू नका!"

काठ्या एकेक करून खाली आल्या. कंपाउंडरनं वहिनीच्या मनगटाला फळी बांधली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. बेकरीवाली तिच्या पायांशी बसून रडत होती, "मला माहीत नव्हतं गं, माहीत नव्हतं."

दादा जवळ आला. "चल, घरी नेतो तुला," तो पुटपुटला. "मला तरी कुठं माहीत होतं, ते औषध..."

वहिनीनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"औषध ह्या कुणालाच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण तुम्हाला मी माहीत होते ना? बावीस वर्षं?"

दादानं हात पुढं केला, तो तसाच राहिला. वहिनी बाईंच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.