चव्वेचाळीस सेकंद

अस्माला मोजायची खोड होती. लग्नात गेली की पंगतीतली माणसं मोजायची, विमानात बसली की रिकाम्या खुर्च्या. सौदीतल्या यान्बूच्या भारतीय शाळेत गणित शिकवता शिकवता तिनं मुंबईच्या एका एम.एड.ला पत्रद्वारे नाव घातलं, तेव्हा नवरा इब्राहीम म्हणाला होता, "बरं झालं. निदान मोजण्याची डिग्री तरी मिळेल."

प्रबंधाचा विषय असा: मुलं अपूर्णांक फळ्यावर चांगले शिकतात की संगणकावर? पाचवीची चोवीस मुलं तिनं निवडली. बारा फळ्यापुढे, बारा पाळीपाळीनं शाळेच्या चार संगणकांपुढे. पहिली चाचणी सप्टेंबरात, शेवटची फेब्रुवारीत. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरून तेव्हा महिना झाला होता, पण यान्बू पार दुसऱ्या टोकाला, लाल समुद्राकाठी. कुणाला घाई नव्हती.

संगणकाचा प्रोग्रॅम तिनं स्वतः दोन वर्षं खपून लिहिला होता. मुलानं दाबलेली प्रत्येक कळ आणि दोन कळांमधला वेळ त्या मुलाच्या फ्लॉपीवर उतरायचा. नंतर फ्लॉपी लावली की पडद्यावर सगळं पुन्हा घडायचं. मूल समोर नसतानाही त्याचं अडखळणं दिसायचं, खोडणं दिसायचं.

नोव्हेंबरात तिनं पालकांना हे मोठ्या कौतुकानं दाखवलं. फ्लॉपी होती अदिबाची. पडद्यावर तीनचा आकडा आला, बराच वेळ तसाच राहिला, पुसला गेला, चार आला. मागून दाभोळकडचे सिराजुद्दीन, रिफायनरीतले क्रेन ऑपरेटर, म्हणाले, "ही माझीच. चहात साखर घालू की नको, ह्याचासुद्धा अर्धा तास विचार करते." सगळे हसले. अदिबा इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, प्लीज."

जानेवारीत लढाईची तारीख जवळ आली तशी कुटुंबं भराभर गावी निघाली. बारा तारखेला अदिबा आणि तिची आई गेल्या. सिराजुद्दीन राहिले, क्रेनला सुट्टी नव्हती आणि पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, होता. संगणकापुढच्या बारांतले चार उरले. मुंबईहून मार्गदर्शक रत्नाकर सरांचं पत्र आलं: शेवटची चाचणी न देणारे विद्यार्थी नमुन्यातून वगळावेत, शक्य तर नवे घ्यावेत.

अस्मानं चौथीतली आठ मुलं घेतली. फ्लॉप्या मात्र मिळेनात. जिद्द्याचा दुकानदार फोनवर एकच सांगायचा, जहाज आलं की देतो. मग तिनं गेलेल्या आठ मुलांच्या फ्लॉप्या एकेक करून पुसल्या आणि जुन्या नावांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. डब्यात मोजल्या. बारा भरल्या. त्या दिवशी तिला घास गोड लागला.

फेब्रुवारीत तिकडे दाभोळला गावात काविळीची साथ आली. अदिबा पाच दिवसांत गेली. तार कामगारांच्या कॅम्पवर पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. सिराजुद्दीनना रजा मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी विमान नव्हतं.

गुरुवारी दुपारी ते शाळेत आले. शर्टाला इस्त्री होती, दाढी केलेली होती.

"टीचर, ती फ्लॉपी बघायचीय. एकदाच."

अस्मानं डबा उघडला. चिठ्ठी क्रमांक सात. खालचं नाव कागदातून पुसटसं दिसत होतं, पण आत आता चौथीतली संपदा होती. सांगायला तोंड उघडेना. तिनं संपदाचीच फ्लॉपी लावली, वर नावाच्या जागी अदिबा टाइप केलं आणि बाजूला झाली.

सिराजुद्दीननी चष्मा पुसून घातला. पडद्यावर उत्तरं पडू लागली. दोन, पाच, सात. एकही खोडलं गेलं नाही.

"इतकी भरभर?" ते म्हणाले. खूप वेळ बघत राहिले. "सुधारली होती का हो?"

अस्मानं पडदा बंद केला.

"सिराजभाई, ही अदिबा नाही. तिची फ्लॉपी मी पुसली. नव्या मुलांसाठी हवी होती. ती परत येणार नाही एवढंच माहीत होतं. म्हणजे, ह्या वर्षी."

बाहेर रिफायनरीच्या बसचा हॉर्न वाजला. त्यांचीच बस होती, पण ते उठले नाहीत.

तिनं कपाटातून छापील तक्ता काढला. पहिल्या चाचणीचा, संगणकापुढच्या बारा मुलांचा. वगळलेल्या ओळींवर लाल रेघा होत्या. सातव्या ओळीवर बोट ठेवून तिनं कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"एवढं आहे. प्रश्न, उत्तर, लागलेला वेळ."

"ही रेघ कशाला मारली?"

"नियम आहे. दुसरी चाचणी दिली नाही, तर पहिली धरत नाहीत."

"असं होय." त्यांचं बोट ओळीवरून सरकत गेलं. बारा सेकंद. नऊ. एकवीस. मग थांबलं. "इथे चव्वेचाळीस. इतका वेळ काय करत होती?"

अस्मा आठवत राहिली. तिला चोवीस मुलांचे मार्क पाठ होते. अदिबा त्या वेळी खिडकीकडे बघत होती की बोटं मोजत होती, हे तिनं बघितलं नव्हतं. बघायचं काम संगणकाचं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

सिराजुद्दीननी मनगट वर केलं. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबले आणि मग घड्याळाकडे बघत बसले. तोंडानं मोजलं नाही. अस्मा मोजत होती, तिला राहवेना. वीसला त्यांचे ओठ हलले. तीसला बस निघून गेल्याचा आवाज आला. चाळीसला त्यांनी श्वास धरला.

"झाले," ते म्हणाले. "उत्तर काय आलं होतं?"

"बरोबर आलं होतं."

त्यांनी मान हलवली आणि घड्याळावर बाही ओढली. तक्त्याची घडी घालून खिशात ठेवताना विचारलं, "नेऊ ना? तुमच्या तर हिशोबात नाहीये ती."

"न्या," अस्मा म्हणाली.