तारखेला निघालेला मिक्सर

अजिनाथला जामीन राहून लंकाबाईला मिळणार काय होतं? तिचाच मिक्सर. सहा महिने तो अजिनाथच्या खोलीत सात तुकडे होऊन पडला होता, आणि जोडणारा आत गेला तर चटणी जन्मभर पाट्यावर वाटायची. शेजारधर्म वगैरे ती लोकांना सांगायची. स्वतःला मिक्सरच सांगायची.

अजिनाथ नागापूरला फिटर. पस्तिशीचा, हातात कला, पण एक काम अर्धं टाकून दुसऱ्याला भिडणारा. दारूच्या तारेत त्यानं मालकाचा टेम्पो न विचारता नेला आणि एका कंपनीच्या गेटला टेकवला. त्या खटल्याच्या दोन तारखाही चुकवल्या: एकदा वाटेत कुणाचा तरी पंप खोलून बसला, एकदा नटूनथटून गेला, पण दुसऱ्या दिवशी. तिसरी चुकली की जामीन रद्द.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं, याला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, वेळेचा अंदाज येत नाही, लहानपणापासून मेंदूची घडणच तशी. गोळ्या सुरू झाल्या. चार महिने बाटली बंद होती. तिथल्या समुपदेशक दिपाली मॅडम म्हणाल्या, "मावशी, आळशी नाही तो. ओरडू नका, जवळ बसा."

बसायला वेळ कुणाला? भाजीची पाटी कोण विकणार? लंकाबाईनं गुपचूप त्याच्या खोलीतलं घड्याळ तासभर पुढं केलं आणि आपल्याच हुशारीवर खूश झाली.

तारखेच्या सकाळी दहाला जाऊन बघते, तर हा बनियनवर, मिक्सर मांडीवर.

"अज्या, अकराला कोर्ट हाय ना रं? घड्याळ बघितलंस का?"

"बघितलं की. येक तास पुढं पळत हुतं, कालच दुरुस्त केलं. आता सेकंदाचाबी फरक न्हाई."

"मुडद्या, ते मी पळवलं हुतं!"

"दोनच मिन्टं मावशी, येवढा भांडं फिरवायचा कप्लर बसवतो."

त्याची मागची दोन मिनिटं पाडव्याला सुरू झाली होती, अजून संपली नव्हती. लंकाबाई आणखी ओरडणार होती, पण मॅडम आठवल्या. तिनं सातही तुकडे पाटीतल्या मेथीवर ठेवले, पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

"कुठं निघाला तुमी? कप्लर सांडंल!" अजिनाथ शर्ट अडकवत मागं धावला.

रिक्षात तो पाटीवर वाकलेला. कोर्टाच्या व्हरांड्यात ती मेथी निवडत बसली, शेजारी तो जोडत बसला. कुणी जवळ असलं की याचं बूड टिकतं, हे तिला तिथं पटलं.

पुकारा झाला तेव्हा सहा तुकडे जोडून झाले होते. पोलिसानं दारातच स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"आज कसे वेळेवर?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मिक्सर आला, सायेब. त्याच्या मागं मी आलो."

दिपाली मॅडमनी उपचाराबद्दल लिहून दिलेला कागद वाचून त्यांनी जामीन कायम ठेवला, उपचार सोडू नका म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

संध्याकाळी लंकाबाईच्या घरात मिक्सर घरघरला. तिचा सौदा पुरा झाला. तरी पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिनं आपला चांगला फिरता टेबलफॅन पुढ्यात घेतला, सुरीनं त्याचे चार स्क्रू सैल केले आणि पाटीत ठेवला.

"ह्याला काय झालं?" अजिनाथनं विचारलं.

"खडखडतोय मेला. उद्या कोर्टात बघ."

अजिनाथला मोकळी हवा मिळाली, लंकाबाईला चटणी. भुर्दंड पडला तो एका निर्दोष पंख्याला.