शहाण्याने वाचवलेली रिंग

आमच्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमध्ये जी नवी कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली होती, तिचं अधिकृत नाव इतकं लांबलचक होतं की ते उच्चारेपर्यंत समोरचा चहा निवून जावा. म्हणून आम्ही तिला शहाणा म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं.

शहाण्याचं काम पुढचं ओळखण्याचं. जुने टॉवर सगळीकडे सारख्याच लहरी फेकत बसायचे, कोणी फोन करो न करो. नव्या पिढीचे टॉवर ज्याला हवं त्याच्याकडेच झोत वळवतात, आणि कोणाला कधी काय हवं असेल हे शहाणा आधीच ताडतो. कोण जेवताना व्हिडिओ बघतो, कोणता रस्ता दुपारी ओस पडतो, सगळं त्याला पाठ. साहेब त्याच्यावर इतके खूश होते की सख्ख्या मुलाबद्दलही कधी इतकं चांगलं बोलले नसतील. मला मात्र न विचारता मदत करणाऱ्यांचा पहिल्यापासून राग आहे.

चाचणीसाठी खऱ्या माणसांचे फोन हवे होते. साहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने आपापल्या नातेवाइकांना विचारून त्यांचे फोन जोडून घ्यावेत. मी आईचा आणि मामाचा फोन जोडला. आईने होकार देण्याआधी विचारलं की यात मामाशी बोलावं लागणार नाही ना. मामाने आईबद्दल नेमकं तेच विचारलं.

ही दोघं सख्खी भावंडं, पण एकमेकांशी बोलत नव्हती. निमित्त आजोबांच्या रेडिओचं. मामाने तो दुरुस्त करायला उघडला, पुन्हा बंद केला, आणि टेबलावर मूठभर स्क्रू आणि एक चक्र शिल्लक राहिलं. रेडिओ कायमचा मुका झाला. आई गणिताची शिक्षिका, बाकी उरलेली तिला आयुष्यात कधी खपली नाही. ती काहीतरी बोलली, तो त्याहून जास्त काहीतरी बोलला, आणि तेव्हापासून दोघांमध्ये निरोप नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘तुझ्या मामाला सांग’ आणि ‘तुझ्या आईला सांग’, या दोन वाक्यांवर माझं लग्नसुद्धा पार पडलं.

फक्त एक गोष्ट त्यांनी माझ्यावर सोपवली नव्हती. रोज सकाळी आंघोळ झाली की मामा आईला एक रिंग द्यायचा. आई ती कट करायची. रिंग म्हणजे मी उठलोय, कट म्हणजे मीही उठलेय. फोन उचलला नाही म्हणजे बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणजे अबोला शाबूत, असा दोघांचा हिशेब होता. एकदा आईचे हात कणकेत होते म्हणून मी फोनकडे हात नेला, तर ती तशीच धावत आली आणि कोपराने मला बाजूला सारून तिने स्वतः कट केला. दिवसभर फोनला कणीक चिकटलेली होती.

आता हेच शहाण्याच्या नजरेने बघा. एक फोन रोज लागतो आणि कधीच उचलला जात नाही. म्हणजे त्यासाठी वळवलेला झोत वाया. तेव्हा एका सकाळी त्याने मामाची रिंग आईपर्यंत पोचवलीच नाही. वर, मामाला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या कानात मात्र ती वाजत ठेवली.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या दिवशी वरून बडे पाहुणे शहाण्याची करामत बघायला यायचे होते आणि साहेब इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झाले होते. तेवढ्यात आईचा फोन आला. मामाची रिंग आली नव्हती. मी म्हटलं, मग तू लाव त्याला. ती कशी लावणार, त्यांचं बोलणं नाही. मी जरा चिडूनच म्हटलं की झोपला असेल उशिरापर्यंत. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “बघ गं, तो आहे ना.”

आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मामाला फोन लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. आईला परत फोन केला तर ती धापा टाकत जिना उतरत होती. मामाच्या घरी निघालेय म्हणाली आणि तिने ठेवून दिला.

मी संगणकावर चाचणीचा पडदा उघडला. ‘टाळलेले निरर्थक फोन’ अशा मथळ्याखाली शहाण्याने आपला पराक्रम मांडून ठेवला होता, आणि त्यात आज सकाळचा मामाचा फोन सगळ्यात वर. म्हणजे मामा उठला होता, आंघोळ करून त्याने रिंगही दिली होती. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांनी मी शहाण्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग मामा उचलत का नाही? कोणता फोन कोणत्या टॉवरखाली आहे हे पडद्यावर दिसतं. मामाचा फोन सरकत सरकत आईच्या घराजवळच्या टॉवरखाली येऊन थांबला होता. आता सगळं लक्षात आलं. रिंग वाजते आहे आणि ताई कट करत नाही म्हटल्यावर त्याने स्कूटर काढली असणार. फोन पिशवीच्या तळाशी आणि डोक्यावर हेल्मेट. थोड्या वेळाने आईचा फोन मामाच्या टॉवरखाली दिसू लागला. दोघं एकमेकांच्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभी होती.

मी साहेबांना म्हटलं की न उचललेले फोन टाळायचा नियम आत्ताच्या आत्ता बंद करतेय. साहेब हादरले. पाहुणे जिन्यात आले होते. मी म्हटलं, तसं असेल तर माझ्या आईला तुम्हीच समजावून सांगा. साहेब माझ्या आईला एकदाच भेटले होते, पण तेवढं पुरेसं होतं; ते निमूट बाजूला झाले.

नियम काढला आणि आईचा फोन आला. दाराला कुलूप आहे, शेजाऱ्यांना माहीत नाही, कोणत्या दवाखान्यात बघू. तिला नीट श्वासही घेता येत नव्हता. मी सांगून टाकणार होते. नेहमीसारखी इकडची गोष्ट तिकडे, तिकडची इकडे. पण मला एकदम या निरोपांचा कंटाळा आला.

“मामा ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “कुठे आहे ते त्यालाच विचार.”

ती म्हणाली, तूच त्याला सांग. मी म्हटलं, मी नाही सांगणार, आणि फोन ठेवला. आईचा फोन मी असा आजवर कधी ठेवला नव्हता.

पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही. पाहुणे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, साहेब त्यांना लहरींचं शास्त्र सांगू लागले. आणि एक ओळ उजळली. आईकडून मामाकडे. रिंग गेली. दुसरी गेली. सवयीने कट करू नकोस रे बाबा, मी मनात म्हटलं. फोन उचलला गेला.

शहाणा लगेच जागा झाला. ही जोडणी असामान्य आहे, बिघाड असू शकतो, तोडू का? मी ‘नाही’ दाबलं. मग त्याने कळवलं की दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं चालू आहे, ऐकू येण्यात अडचण दिसते. आणि बिचाऱ्याने आपण होऊन आणखी रुंद झोत दिला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्या दोघांची अडचण ऐकू येण्याची नाही, रेडिओची आहे, हे मी त्यांना सांगत बसले नाही. एक बोलायची आणि दुसरा मध्येच तोंड घालायचा, हे पडद्यावर आवाजाच्या रेषा उड्या मारत होत्या त्यावरून मला स्वच्छ दिसत होतं. मी खुशीत होते.

मग दोन्हीकडच्या उड्या थांबल्या. पडद्यावर दोन सरळ रेषा राहिल्या. दोन्ही बाजूंनी आवाज नाही, शहाण्याने कळवलं, संभाषण संपलं असावं, जोडणी सोडू का?

साहेब माझ्या कानाशी वाकले. पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही, ते कुजबुजले, एवढा झोत धरून ठेवलाय आणि तिथे कोणी बोलतच नाहीये.

“बोलत नसतील,” मी म्हटलं. “पण आहेत.”

मी ‘नाही’ दाबलं. थोड्या वेळाने शहाण्याने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा ‘नाही’ दाबलं.