माझ्या पोटाखालचा थेंब

मी एक जुनी व्हॅन आहे आणि मित्रांनो, खरं सांगते, स्वभावाने भित्री आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा पहिल्याच उतारावर माझी पाचावर धारण बसली होती. हसू नका. गाडीला आपला ब्रेक आतून ठाऊक असतो.

बारा वर्षं मी एका बेकरीचे पाव वाहिले. बेकरीवाले काका रोज माझ्या दारावर थाप मारून म्हणायचे, "चल गं म्हातारे." तेव्हा मी चांगली तरणीताठी होते, तरी ते ऐकायला गोड लागायचं. पुढे काकांचे गुडघे गेले, बेकरी बंद झाली आणि मी जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालाच्या आवारात येऊन पडले. आठ महिने कुणी माझी काचसुद्धा पुसली नाही. शेजारच्या निळ्या व्हॅनला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून एका दुपारी तिला माझ्यासमोर गॅस कटरने कापलं. तेव्हापासून फाटक वाजलं की माझ्या काळजाचं पाणी व्हायचं.

त्यातच माझी ब्रेकची नळी गंजली आणि थेंब थेंब तेल गळू लागलं. दलालाने नळीवर काळा रंग फासला, खालची फरशी पुसली आणि सोमवारी गिऱ्हाईक बोलावलं.

दोघी आल्या, नणंद-भावजय. नणंद बस डेपोत मेकॅनिक. तिच्या नखांत ग्रीस होतं आणि हातात स्वतःचा पाना. भावजयीच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे आणि हॉस्पिटल होतं टेकडीवर. त्यांची आधीची गाडी अर्ध्या चढावर बंद पडली, डायलिसिसचा एक दिवस चुकला आणि नवऱ्याला धाप लागली होती.

"स्वस्तातली बघू. आणि बंद पडली तर मला एकटीला दुरुस्त करता आली पाहिजे," भावजय म्हणाली.

"तुला? वहिनी, तू बरणीचं झाकण माझ्याकडून उघडून घेतेस."

"गाडी एकदम टकाटक आहे, ताई. आजच न्या," दलाल मध्येच बोलला.

मला त्या टेकडीचा उतार दिसू लागला. थेंब पडला तर मी कटरखाली जाणार. नाही पडला तर ही माणसं माझ्यात बसून त्या उतारावर येणार. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला वाटलं, नकोच पडायला.

नणंद पुठ्ठा टाकून माझ्याखाली सरकली, आणि थेंब तिच्या गालावर पडला.

तिने तो बोटांवर चोळला. मग नखाने नळीवरचा रंग खरवडला.

"ब्रेकचं तेल आहे हे. वरून रंग मारलाय."

दलाल दोन पावलं मागे सरकला. भावजयीचा चेहरा उतरला. "चल, निघू या," असं म्हणून ती फाटकाकडे वळलीसुद्धा. संपलं, मला वाटलं.

"थांब वहिनी. आधी इथे हात घाल. पाना बसतो का?"

भावजय नाइलाजाने खाली आली. "बसतो."

"फिरव."

"फिरला की!"

"त्या पलीकडच्या चकचकीत गाडीत इथवर हात जायला अर्धं इंजिन उतरवावं लागतं. हिचं दुखणं हाताशी आहे. दादाला हिच्यातून नेऊ. पण नवी नळी आत्ता, इथेच बसवायची, आणि तीही तू."

दलालाने मुकाट्याने नवी नळी आणून दिली. दोन तास लागले. नणंद नुसती सांगत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

आता भावजय रोज माझ्याखाली पुठ्ठा अंथरते आणि निघण्याआधी बघते. "कोरडा आहे," असं तिने सांगितल्यावरच तिचा नवरा आत बसतो. उतार आला की मी अजूनही घाबरते. परवा पुठ्ठ्यावर डाग दिसला. तिने नवऱ्याला बाकावर बसवलं, बाही वर केली आणि पाना घेतला.

मित्रांनो, गळताना दिसलं तर नुसतं पुसू नका. आधी वाकून बघा. आम्हा गाड्यांना थेंबातून तेवढंच बोलता येतं.