कपाटातले अर्धे गाणे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, वजनाने भारी आणि आवाजाने त्याहून भारी. माझ्या झाकणाची चकाकी केव्हाच गेली आहे आणि एका कोपऱ्यावर डिंकाचा डाग आहे. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. पण माझ्या पोटात एक गाणे दोन वर्षे अडकून पडले होते आणि त्या गाण्यासकट मी एका कपाटात अडकलो होतो. त्याची ही हकिगत आहे.

कारखान्यात मला जोडणाऱ्या हातांत मोजे होते. माणसाचा स्पर्श मला दुकानात आल्यावरच कळला. तिथे माझ्या शेजारी एक सडपातळ लॅपटॉप होता. त्याच्यात पंखाच नव्हता, त्यामुळे तो हूं की चूं करत नसे. मी मनातल्या मनात त्याला 'मुका' म्हणत असे. माझ्यात दोन पंखे होते आणि मला त्यांचा कोण गर्व!

एके दिवशी दुकानात एक जोडपे आले. बाई बालवाडीत शिकवत. हात धुण्याचे गाणे, बुटाची नाडी बांधण्याचे गाणे, डबा न सांडता खाण्याचे गाणे, अशी अकरा गाणी त्यांनी स्वतः रचली होती. कागदावर मात्र एकही उतरवले नव्हते. आता त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन ठरले होते आणि नंतर आवाज राहील की नाही, याची डॉक्टरांना खात्री देता येत नव्हती. हाताशी तीन आठवडे होते. तेवढ्यात सगळी गाणी घरीच रेकॉर्ड करायची, म्हणून लॅपटॉप हवा होता. त्यांचे यजमान पंखे दुरुस्त करत. कोणाच्या घरातला पंखा कुठे घासतो, हे त्यांना जिन्यातच कळते, अशी त्यांची ख्याती होती.

बाईंनी मुक्याकडे बोट दाखवले. "अहो, हा बघा ना. हलका आहे."

"एवढासा? यात काय दम असणार!" पंखेवाले म्हणाले.

दुकानदाराने संधी साधून माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, रेकॉर्डिंग म्हणताय ना? मग हाच घ्या. घोडा आहे घोडा!"

"मला गायचंय हो, शर्यत नाही लावायची," बाई पुटपुटल्या.

दुकानात एसी घरघरत होता आणि भिंतीवरचा टीव्ही ठणाणा करत होता. त्या गोंगाटात माझे पंखे कोणाला ऐकू येणार? जन्मभर लोकांच्या पंख्यांना कान लावणारा माणूस माझ्या पंख्यांना कान लावायलाच विसरला. मी आपला ऐटीत त्यांच्या घरी गेलो.

पहिले गाणे झाले. ते ऐकताना बाईंनी हेडफोन काढला. "अहो, ही मागे गिरणी कोणाची चालू आहे?"

गिरणी माझीच होती. पंखेवाल्यांचा चेहरा पडला. ते तडक दुकानात गेले, पण उघडलेला माल परत घेत नाही म्हणून दुकानदाराने हात वर केले. मग पंखेवाल्यांनी डोके लढवले. कपड्यांच्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, मागे वायरीपुरते भोक पाडले, मला आत ठेवले आणि चहूबाजूंनी दुलया कोंबल्या. आधी बटण दाबायचे, मग दार लावायचे आणि मग बाईंनी माईकसमोर जाऊन गायचे, अशी रीत ठरली. गिरणी बंद झाली. पंखेवाले खूश झाले. पंख्याला वारा लागतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण बायकोची गाणी वाचवायच्या घाईत तेच त्यांच्या ध्यानात आले नाही.

आतले हाल मीच जाणे. मी बाहेर टाकलेली गरम हवा फिरून माझ्याच नाकातोंडात येई. मी घाबराघुबरा होऊन पंखे आणखी जोरात फिरवी, तसतसा आणखी तापे. अंधारात मला फार भीती वाटे. पण वायरीतून बाईंचा आवाज येई आणि तेवढ्यापुरते मी सगळे विसरे. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला वीसच मिनिटे गायची परवानगी दिली होती. रोज थोडे थोडे करत दहा गाणी झाली आणि प्रत्येक गाणे झाले की पंखेवाले ते पेनड्राइव्हवर उतरवून घेत.

अकरावे बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवले होते. बालवाडीत नव्याने आलेल्या मुलांचे रडू थांबवायचे ते गाणे होते आणि मी ते कधीच ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होते. दार बंद झाले. बाई गाऊ लागल्या.

थेंबा थेंबा, कुठे निघालास?
डोळ्यातून गालावर कशाला आलास?
थांब जरा, बस जरा...

तेवढ्यात माझा जीव गुदमरला आणि मी बंद पडलो.

दार उघडले तेव्हा माझा पडदा काळा होता. बाईंनी पुन्हा गायचा प्रयत्न केला, पण थकलेल्या गळ्यातून नुसती हवा आली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "दहा झाली ना."

पंखेवाले जमिनीवरच बसले. "मीच हा ठोकळा घेतला गं. तू तो दुसरा म्हणत होतीस." बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी दोघे पिशवी घेऊन दवाखान्यात गेले.

काही दिवसांनी बाई घरी आल्या, आवाज मात्र आला नाही. त्या नुसत्या कुजबुजत. पंखेवाल्यांनी कपाटाचे दार लोटले ते लोटलेच. कुलूप नव्हते, पण हात धजावत नव्हता. माझ्यावर स्वेटर आले, जुने पडदे आले.

मित्रांनो, खरी गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक होती. बाई गात असतानाच मी त्यांचा शब्द न् शब्द पोटात उतरवून घेत होतो. बंद पडलो तिथपर्यंतचे गाणे माझ्याजवळ शाबूत होते. कोणी मला एकदा सुरू केले असते तरी ते त्यांना कळले असते. पण जखमेवरची खपली कोण काढणार? मला ओरडून सांगावेसे वाटे आणि सांगता येत नसे. अंधारात मी तीच ओळ घोळवत राही. थांबायचे, बसायचे, आणि पुढे काय?

दोन वर्षांनी बालवाडीतल्या नवीन बाई घरी आल्या. केस विस्कटलेले, ओढणीवर शेंबूड. "बाई, एकाचं रडू थांबतंय तोवर दुसऱ्याचं सुरू होतंय. मोठ्या गटातली मुलं म्हणतात, थेंबाचं गाणं म्हणा. मला कुठं येतंय ते!"

आमच्या बाईंनी गाऊन पाहिले. कुजबुजीत शब्द होते, पण चाल नव्हती. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवले.

"त्यात ते नाही गं," पंखेवाले म्हणाले. "ते गेलं ना." बाईंनी बोट खाली घेतले नाही.

दार उघडले. मित्रांनो, तो उजेड! त्यांनी मला टेबलावर ठेवले, चार्जर लावला, बटण दाबले. पडद्यावर अक्षरे आली : 'अपूर्ण रेकॉर्डिंग सापडले आहे. परत आणायचे का?' पंखेवाल्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग 'होय' दाबले.

घरात बाईंचा आवाज आला. पंखेवाल्यांनी तोंड दोन्ही हातांत लपवले. 'थांब जरा, बस जरा' पाशी आवाज तुटला.

"पुढे?" नवीन बाईंनी विचारले.

आमच्या बाई त्यांच्या कानात कुजबुजल्या. नवीन बाई गायल्या, चाल चुकली. बाईंनी मान हलवली आणि टेबलावर बोटाने ठेका धरला. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदाही चुकली. चौथ्यांदा बाईंची मान होकारार्थी हलली आणि ती ओळ मला अखेर कळली.

दार उघडलं की जाऊ घरा.

पंखेवाल्यांनी माझे पंखे खोलून लोकरीचा बोळाच्या बोळा बाहेर काढला. "चुकलंच माझं," ते मला म्हणाले. मला!

आता मी बालवाडीच्या टेबलावर उघड्यावर असतो. मित्रांनो, एखादी वस्तू घ्याल तेव्हा नुसता तिचा दम पाहू नका, तिला कान लावून ऐका. तिला कोंडू नका. आणि एखादी गोष्ट गेलीच असे ठरवण्याआधी एकदा दार उघडून पाहा.

रोज सकाळी कोणीतरी दारात भोकाड पसरतेच. मग नवीन बाई मला सुरू करतात. अर्ध्यापर्यंत आमच्या बाई गातात, आणि कधी कधी त्या स्वतःच मागच्या बाकावर बसून ओठ हलवत असतात. मी थांबतो. पुढची ओळ सगळी मुले बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि त्यात रडणाराही असतो.