फळ्यावरचं नाव

“पातेलं उतरवा आता. पाहुणे निघालेत सेलूहून, ते यायच्या आत ऑपरेशनं सुरू दिसायला हवीत,” विभागप्रमुख म्हणाले.

डॉ. रुख्मिणी खंदारेने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. “सर, उकळी फुटून सातच मिनिटं झालीत. वीस हवीत.”

“स्टोव्ह पेटवून अर्धा तास झाला की!”

स्टोव्ह पेटणं वेगळं आणि पाणी उकळणं वेगळं, हे मेडिकल कॉलेजच्या विभागप्रमुखाला सांगायची वेळ यावी! पातेल्यात शस्त्रक्रियेची हत्यारं होती आणि शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर कुटुंबनियोजनासाठी आणलेल्या बायका बसल्या होत्या. आणीबाणीतलं शहात्तर साल होतं. आकडा पुरा व्हायला हवा होता, बायकांचं काय व्हायचं ते होवो.

रुख्मिणीला व्याख्याती होऊन चौदा महिने झाले होते. नेमणूक तात्पुरती, कायम होणं न होणं सरांच्या शेऱ्यावर. सकाळी जीपमध्ये सर म्हणाले होते, “तुमच्या लोकांना कधी पुढं यायला मिळतं? घ्या, शिबिराच्या प्रमुख तुम्ही. नेतृत्व शिका.” ‘तुमच्या लोकांना’ हे शब्द तिने गिळले होते. फळ्यावर ठळक अक्षरांत आपलं नाव पाहून ती वेडी हरखलीसुद्धा होती.

आता तिला बन्सीधर आठवला. तिच्याच बरोबरीचा, मागच्या शिबिराचा प्रमुख. तिथेही अशीच घाई झाली, एक बाई धनुर्वाताने गेली. चौकशीत प्रमुख म्हणून सही निघाली बन्सीधरची. सर त्या दिवशी ‘नुसते भेटीला’ गेले होते म्हणे! बकऱ्यालाही कापण्याआधी हार घालतातच.

दारातून चांगुणाबाई नावाची पहिल्या नंबरची बाई डोकावली. “बाई, तुमीच करनार ना? मंग मला भेव न्हाई.”

“मीच करणार,” रुख्मिणी म्हणाली आणि पातेल्याच्या आड उभी राहिली. “कुणी हात लावायचा नाही याला.”

“डॉक्टर, हा माझा हुकूम आहे!”

“फळ्यावर प्रमुख म्हणून माझं नाव आहे, सर. आधी ते पुसा, मग हुकूम द्या.”

सरांनी खरोखरच डस्टर उचललं. नाव पुसलं. त्या जागी स्वतःचं लिहायला मात्र हात धजेना. त्यांनी खडू शिकाऊ डॉक्टर रंगनाथपुढे धरला. “लिही तुझं नाव. तू हो प्रमुख.”

रंगनाथने खडूकडे पाहिलं, रुख्मिणीकडे पाहिलं. मग खाली बसून तो स्टोव्हला पंप मारू लागला.

सर कडाडत राहिले. शिस्त, वरिष्ठ, गोपनीय अहवाल, सगळं काढून झालं. रुख्मिणी जागची हलली नाही.

“म्याडम, वीस झाली,” नर्स सगुणाबाई म्हणाल्या.

तेव्हा रुख्मिणीने पातेलं उतरवायला सांगितलं. पाहुणे आले, हार घालून घेऊन गेले. ती संध्याकाळपर्यंत टेबलाशी उभी होती, आणि दर खेपेला हत्यारं पुन्हा वीस मिनिटं उकळत होती.

पाचव्या दिवशी तिची नेमणूक संपल्याचं पत्र निघालं.

आठव्या दिवशी सगुणाबाई टाके काढायला गावात आल्या. एकीचीही जखम चिघळली नव्हती. चांगुणाबाईने इकडेतिकडे पाहिलं. “घड्याळवाल्या बाई न्हाई आल्या?”

“त्यायला काढून टाकलं.”

“आं? काय चुकलं त्यांचं?”

 चिमटा आणि कात्री पातेल्यात टाकून सगुणाबाई स्टोव्हपाशी बसल्या. उकळी फुटली, तसं त्यांनी घड्याळात पाहिलं.